नावाचं कडवं

सुखदेवकडे आता एकच शब्द उरलाय, 'बरं'. चहा हवा का विचारलं तरी बरं, उशी नीट करू का विचारलं तरी बरं, आणि मी वैतागून 'जाते मी कुठंतरी निघून' म्हटलं तरी बरंच. ज्या माणसानं शेकड्यानं गाणी लिहिली, त्याच्या पदरात शेवटी एवढासा शब्द पडावा याचा मला राग येतो. कुणाचा येतो ते माहीत नाही. अर्धांगाचा झटका आला त्या सकाळी तो आरशासमोर दाढी करत होता. उजवा हात, उजवा पाय आणि सगळी भाषा एकदमच गेली. गालावरचा साबण मी हॉस्पिटलात गेल्यावर पुसला.

समोर मी त्याला अहो म्हणते. मनात मात्र लग्नापासून नुसतं सुखदेव. इथं मनातलंच सांगायचं आहे, तेव्हा सुखदेवच चालेल.

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांना सांगण्यात आलं की मुलगा म्युझिकमध्ये आहे. वडील पोस्टात होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे कुठल्या खात्यात?" सासरे खडकीच्या कारखान्यात कामगार. त्यांचीही इच्छा हीच, की पोरानं त्याच गेटातून आत जावं. पण सुखदेव शाळेत असतानाच खडकीच्या एका चर्चमधल्या मास्तरांनी त्याच्या हातात गिटार दिली होती, आणि ती काही त्याच्या हातातून पुन्हा सुटली नाही. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. त्यामुळे आमच्या घरात पगार मी आणायची आणि टाळ्या तो.

टाळ्याही कुठल्या कुठल्या. जयंतीच्या दिवसांत तो आमच्या विश्रांतवाडीच्या गायन पार्टीत असायचा. पेटी, ढोलकी, बेंजो यांच्यात गिटार म्हणजे लोकांना खूळ वाटलं. एका आजोबांनी पहिल्याच कार्यक्रमात विचारलं, "ही इंग्रजी सतार कशाला आणली?" सुखदेवनं ती मांडीवर आडवी घेतली, तारांवरून लोखंडी नळी फिरवत एक आळवणी वाजवली, आणि आजोबा उपरण्यानं डोळे पुसत घरी गेले. लग्नसराईत तो ऑर्केस्ट्रात सिनेमातली गाणी वाजवायचा, नाताळात कॅम्पातल्या चर्चमध्ये, मे महिन्यात बालनाट्यांना. दंतमंजनाच्या जाहिरातीमागे जी तीन सुरांची टिंगटिंग वाजायची ती त्याचीच. आमच्या गल्लीतली पोरं दात घासताना ती म्हणायची आणि त्याला त्याचा कोण अभिमान.

भावगीतांच्या कार्यक्रमांना तो शनिवार पेठेत जायचा. तिथले ऑर्गनवाले अनंत काका त्याच्यावर खूश असत. एकदा आमच्या घरी चहाला आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुमच्या मिस्टरांच्या गिटारला जात नाही, धर्म नाही, आणि सुट्टीसुद्धा नाही." वाक्य छान होतं. पण त्याच कार्यक्रमाच्या पत्रिकेत ऑर्गन म्हणून श्रीयुत लावून त्यांचं संपूर्ण नाव होतं, तबलजींचं आडनावासकट होतं, आणि शेवटी 'गिटार: सुखदेव' एवढंच. मी ते त्यांना दाखवलं. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "अरेच्चा, जागा पुरली नसेल." मी त्यांना दुसरा चहा विचारला नाही.

सुखदेवला त्याचं काही वाटायचं नाही, किंवा वाटत असेल तर तो ते गाण्यात ठेवायचा. आमच्याकडच्या गाण्यांत एक पद्धत आहे. शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव घालतो. कुणी नुसतं नाव घालतो, कुणी गाव, कुणी बापाचं किंवा गुरूचं नाव जोडतो. त्याला आम्ही नावाचं कडवं म्हणतो. आमच्या पार्टीत तर त्याचा मानच होता. ते कडवं आलं की नावाच्या ओळीला ढोलकी थांबायची, आणि कवी सभेत बसलेला असला की तो उभा राहून हात जोडायचा. सगळे वळून बघायचे. मग ढोलकी पुन्हा धरायची. 'विश्रांतवाडीचा सुखदेव' या शब्दांवर तो उभा राहिलेला मी किती वेळा पाहिलाय याची गणतीच नाही. तेवढ्या वेळापुरता तो मला उंच वाटायचा.

"पत्रिकेत नाव चुकवतात, कॅसेटवर छापतच नाहीत," तो दीपालीला सांगायचा. "पण कडव्यातलं नाव कुणाच्या बापाला काढता येत नाही. काढलं की चालच मोडते. कवीनं स्वतः काढलं तरच निघेल, आणि असा वेडा कवी कोण असतो?"

दीपाली आमची एकुलती एक. कान त्याचा घेतला होता आणि नाक माझं, म्हणजे रागाचं. सहा-सात वर्षांची असताना तो बाहेरच्या खोलीत तारा जुळवत बसला की ही आतून ओरडायची, "बाबा, तिसरी खाली आहे." आणि ती खाली असायचीच. मोठी झाली तशी त्याच्याबरोबर कार्यक्रमांना जाऊ लागली. दोघं स्कूटरवर, मधे गिटार. कार्यक्रम कधी वेळेवर संपत नसत, आणि मी दारात उभी असायची. उशीर झाला म्हणून मी कधी ओरडले नाही. न बोलणं हेच माझं बोलणं. भाकरी गरम करून वाढायची, वाटी जरा जोरात ठेवायची आणि आत जायचं. मागे दोघांची खुसखुस ऐकू यायची. त्यांचं एक जग होतं आणि त्याच्या दारापर्यंतच माझी हद्द होती, असं मला वाटायचं. वाईट वाटायचं, पण तेही मी बोलले नाही.

विसाव्या वर्षी तिनं गाणं लिहिलं. चालही तिचीच, सुखदेवनं फक्त मधले तुकडे बसवले. रमाईचं गाणं. धनी शिकायला दूर देशी गेलाय आणि ती वाट बघत उभी आहे.

*दारात उभी माय, हिला झोप येते काय?*
*रात सरली अर्धी तरी आत वळेना पाय.*

दोन कडवी तिनं मला स्वयंपाकघरात ऐकवली. मी पोळ्या लाटत होते, हात थांबला. तिसरं म्हण म्हटलं तर मान हलवली.

"तिसरं नावाचं आहे. ते तुला कार्यक्रमातच ऐकायचं. आत्ता ऐकलंस तर चुका काढशील."

"असतील तर काढीनच."

"म्हणूनच," ती म्हणाली.

दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, त्यात ते गाणं व्हायचं होतं. आमच्या पार्टीत बाईच्या नावाचं कडवं आजवर झालेलं नव्हतं, त्यामुळे तिला गाण्यापेक्षा उभं राहण्याचीच जास्त काळजी. सतरंजीवर बसायची, सुखदेव गिटार थांबवायचा, आणि ही उठून हात जोडायची. एकदा मंत्र्यासारखी, एकदा लाजऱ्या नवरीसारखी. "आई, अशी उभी राहू की अशी?" मी म्हटलं, "आधी गाणं तर होऊ दे." तिसऱ्यांदा ती उठली तेव्हा ओढणी पायात अडकली आणि दोघं बापलेक हसून हसून लोळली. मीही हसले होते. ते मला आठवतं, म्हणून सांगते.

गणपतीनंतर तिला ताप आला. डेंगी निघाला. सगळं केलं, सगळ्यांनी केलं, कुणाला बोल लावायला जागा नाही. असती तर बरं झालं असतं, मी लावला असता. आमच्या घरी परित्राणपाठ चालू होता तेव्हा पार्टीचा एक माणूस दसऱ्याच्या पत्रिका घेऊन आला. आत भंतेजी बसलेले बघून तो उंबऱ्याबाहेरच थबकला. त्याच्या हातातल्या गठ्ठ्यावर वरचीच पत्रिका मला दिसली. कवयित्री: कुमारी दीपाली सुखदेव ओव्हाळ. आडनावासकट.

सुखदेवनं वर्षभर गिटारला हात लावला नाही. मग लावला तो ते गाणं शर्मिलाला द्यायला. शर्मिला तेव्हा नवी गायिका होती, सुखदेवला दादा म्हणायची, गळा असा की माईक नसता तरी आळंदी रोडपर्यंत पोचला असता. तिनं गाणं पहिल्यांदा म्हटलं त्या कार्यक्रमाला मी पुढच्याच रांगेत बसले होते. मी तिसऱ्या कडव्यासाठी गेले होते. मुलगी नाही, निदान तिनं मला द्यायचं म्हणून राखून ठेवलेलं काहीतरी मिळेल, एवढ्या एका आशेवर मी ते वर्ष काढलं होतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, धृपद झालं, आणि टाळ्या पडल्या. गाणं संपलं होतं.

परतताना रिक्षात मी विचारलं, "तिसरं?"

तो बाहेर बघत म्हणाला, "दोन पुरेत."

मी कुठलीही गोष्ट एकदाच विचारते. शाळेतही तसंच. पुन्हा विचारलं नाही. पण मनात धरून ठेवलं. नाव काढलं की चाल मोडते असं हाच सांगायचा ना? चाल काही मोडली नाही. गाणं दोन कडव्यांवर उत्तम चाललं, गावोगाव गेलं, लग्नात वाजलं, बारशात वाजलं, मोबाईलवर आलं. आणि मोबाईलवर कवीच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'पारंपरिक'. माझी मुलगी विसाव्या वर्षी गेली आणि तिचं गाणं परंपरेतून आलं म्हणे. हे मी त्याला वाचून दाखवलं, तेव्हा त्यानं गिटार खोळीत घातली आणि खाली फिरायला गेला. असं अकरा-बारा वर्षं चाललं. आम्ही एका घरात, ताटाला ताट लावून, आणि मधे ते कडवं.

मग झटका आला आणि मला कळलं की आता ते कडवं कायमचं गेलं. ते माहीत असलेली दोनच माणसं, एक गेली आणि दुसऱ्याकडे 'बरं' एवढंच उरलं.

यंदा बुद्ध पौर्णिमेच्या आधी शर्मिला घरी आली. आता तिची मोठी गाडी आहे, गल्लीत वळत नाही म्हणून कोपऱ्यावर लावून चालत आली. सुखदेवच्या पाया पडली.

"वहिनी, पौर्णिमेला इथंच हॉलमध्ये दादांचा सत्कार करायचा ठरलंय. सगळ्या पार्ट्या येतायत. शेवटी मी 'दारात उभी माय' म्हणणार."

"किती कडवी?"

ती गोंधळली. "दोनच आहेत ना?"

"तीन आहेत. तिसरं म्हणणार असशील तर म्हण. नाहीतर ते गाणं तिथं नको."

"अहो, पण मला दादांनी दोनच दिली होती. तिसरं तुम्ही सांगा, मी बसवते."

"मला येत नाही."

"मग कुणाला येतं?"

मी सुखदेवकडे बघितलं. शर्मिलानंही बघितलं. तो आमच्याकडे बघत म्हणाला, "बरं."

त्याला बोलायला शिकवायला अवनी नावाची मुलगी यायची. हुशार, घाईघाईनं बोलणारी. ती सुरुवातीपासून सांगत होती, "काकू, स्पीच गेलं तरी सिंगिंग बऱ्याचदा राहतं. ब्रेनमध्ये दोन्हीची जागा वेगळी असते. तुम्ही काकांबरोबर गाणी म्हणा ना, फॅमिलिअर वाली." मी म्हणून बघितली होती. माझा आवाज हजेरी घ्यायचा आहे, गायचा नाही. मी कुठलंही गाणं सुरू केलं की सुखदेव भिंतीकडे तोंड फिरवायचा. मला वाटायचं, सूर सहन होत नसेल.

शर्मिला गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुंटीवरची गिटार काढली, पुसली आणि पलंगावर बसलेल्या सुखदेवच्या मांडीवर ठेवली. त्याचा डावा हात चांगला होता. गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात सूर दाबतो आणि उजवा तारा छेडतो, एवढं तर इतक्या वर्षांत मलाही माहीत होतं. मी त्याच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन त्याच्याकडे तोंड करून बसले आणि प्लास्टिकची छोटी पट्टी बोटांत धरली.

"दाबा तुम्ही," मी म्हटलं. "उजवा हात मी आहे."

त्यानं गिटारची मान डाव्या हातात धरली. मग बोटं तारांवर बसली, जणू मधे काही झालंच नव्हतं. मी तारा छेडल्या. आवाज असा आला की शेजारच्या विमलाबाईंनी खिडकी लावून घेतली. सुखदेवनं डोळे मिटले आणि म्हणाला, "बरं," त्यातला अर्थ मात्र अगदी स्पष्ट होता. मी भांडी घासल्यासारखी वाजवत होते. मग त्यानं डावा हात सोडून माझ्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरला, हलके, पुन्हा हलके. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं मला गिटारमधलं काही शिकवलं ते तेव्हाच.

रोज दुपारी आम्ही बसायचो. तो बोटांची जागा बदलायचा, मी हात फिरवायची. आठवड्याभरानं मी धृपदाची चाल ओळखली. तो तेच वाजवत होता. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "दारात उभी माय," आणि पुढचं त्याच्या तोंडून आलं. "हिला झोप येते काय." स्वच्छ. एकही अक्षर न अडखळता. मला रडू आलं, पण मी हात थांबवला नाही, कारण थांबवला तर तो थांबेल अशी भीती होती. पहिलं कडवं आलं. दुसरं आलं. दुसऱ्याच्या शेवटी त्यानं बोटं उचलली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी बोटं वर. पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा माझा धीर सुटला.

"का?" मी म्हटलं. "का काढलंत तिचं नाव? तुम्हीच सांगत होता ना, वेडा कवी असतो तो? तुमची पोरगी होती ती. माझीही होती. तिनं ते माझ्यासाठी ठेवलं होतं. तुम्ही एकट्यानं गिळून बसलात."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, "बरं."

"बरं नाही," मी म्हटलं. "काही बरं नाही."

आणि मी पुन्हा सुरुवात केली. तो बिचारा दाबत गेला, गात गेला. दुसरं कडवं संपलं, बोटं उचलली गेली, पण या वेळी मी थांबले नाही. मोकळ्या तारांवर तशीच हात मारत राहिले. न दाबलेल्या तारा काय वाजतात ते ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. सुखदेवनं मान हलवली. मी मारतच राहिले. तो म्हणाला बरं, मग जोरात म्हणाला बरं, मग तिसऱ्यांदा ओरडला. हा माणूस आयुष्यात कधी बेसूर ऐकू शकला नाही. लग्नाच्या पंगतीत बँड सुराच्या जरा खाली वाजला तर जेवण सोडून उठणारा माणूस. त्याचा डावा हात रागानंच तारांवर आला आणि सूर दाबला. सूर लागला तशी त्याची मान खाली गेली, आणि तो गाऊ लागला.

*गाणं सरलं, येते घरी, उशीर झाला फार,*
*बोलत नाही, वाढत राही, उघडं ठेवी दार.*
*नाव माझं विचाराल तर सांगते मी काय,*
*नंदाची मी दीपाली, अन् दारात उभी माय.*

नंदा मी. माझंच नाव.

माझ्या बोटांतली पट्टी खाली पडली. मला वाटलं होतं, तिनं बापाचं नाव जोडलं असेल. सगळे जोडतात. गाणं त्याच्याकडून शिकलेली, त्याच्या स्कूटरवर बसून गेलेली. आणि मी जी वाटी आदळत होते, आत निघून जात होते, ते सगळं ती बघत होती, आणि तिनं त्याचं गाणं केलं होतं. सगळा महाराष्ट्र जिला रमाई समजून गातो ती आधी आमच्या विश्रांतवाडीच्या दारात गाऊनवर उभी असलेली मी होते. हे मला ती असताना कळायला हवं होतं.

"मग का नाही म्हटलंत?" मी विचारलं. आता रागानं नाही.

सुखदेवनं डावा हात पुढे केला. तळवा वर करून हळूहळू उचलला, कुणाला तरी उभं राहा म्हणतात तसा. मग सतरंजीच्या जागेकडे बघितलं, जिथं ती उठून दाखवायची. आता तिथं त्याची चाकाची खुर्ची असते. मग तोच हात पालथा केला आणि रिकामा मांडीवर टाकला.

मला कळलं. इतकी वर्षं मी चुकीचा प्रश्न धरून बसले होते. त्यानं नाव काढलं नव्हतं. नाव घेतलं असतं तर ढोलकी थांबली असती, सगळे वळून बघायला लागले असते, आणि उभं राहायला कुणी नव्हतं. ती एक रिकामी जागा भरसभेत माझ्यासमोर यायला नको म्हणून त्यानं गाण्याचंच बोट कापून टाकलं होतं. आणि मी त्याला तेवढ्यासाठी बारा वर्षं अबोल्यावर ठेवलं.

"अहो," मी म्हटलं. त्याच्या मांडीवरची गिटार बाजूला ठेवली आणि तिथं डोकं टेकलं. त्याचा हात केसांवरून फिरला. दोघं रडलो. दीपाली गेल्यापासून आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत रडत होतो.

शर्मिलाला फोन केला. ती आली, सुखदेवनं आणि मी मिळून कडवं तिला ऐकवलं. तिनं डोळे पुसले, पुन्हा म्हणायला लावलं, पाठ केलं आणि घड्याळ बघून पळाली, कारण तिचा चिंचवडला कार्यक्रम होता.

पौर्णिमेला हॉल भरला होता. बुद्धमूर्तीपुढं पांढरी फुलं, पुढच्या रांगांत जुन्या पार्ट्यांची म्हातारी मंडळी, आणि शनिवार पेठेतून काठी टेकत अनंत काकाही आलेले. त्यांनी सत्काराची पत्रिका माझ्यापुढं धरली आणि 'सुखदेव ओव्हाळ' या नावावर बोट ठेवलं. "जागा पुरली," म्हणाले. म्हातारा लक्षात ठेवून होता. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, सुखदेवनं माईकवर "बरं" म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शर्मिला उभी राहिली.

पहिलं कडवं लोकांनी तिच्याबरोबर म्हटलं. दुसरंही. दुसरं संपलं तशी टाळ्यांना सुरुवात झाली, सवयीनं. तिनं हात वर करून थांबवलं.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "नावाचं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. शेजारी खुर्चीत सुखदेवचा डावा हात माझ्या मनगटावर आला. शर्मिलानं कडवं धरलं. 'उघडं ठेवी दार'वर मागच्या रांगेतली कुणी बाई हुंदका देत होती. मग 'नाव माझं विचाराल तर' आलं, आणि पुढच्या ओळीला ढोलकी थांबली.

*नंदाची मी दीपाली.*

जुनी मंडळी पद्धतीप्रमाणे वळून बघायला लागली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ज्यांना माहीत होतं त्यांनी माना खाली घातल्या. सुखदेवनं माझं मनगट सोडलं, खुर्चीच्या दांड्यावर हात रोवला आणि उठायला बघितलं. अर्धं अंग उचललं गेलं, अर्धं नाही. तो पुन्हा खाली बसला, पुन्हा रेटलं, पुन्हा बसला.

मी उभी राहिले.

कशी उभी राहिले ते सांगता येणार नाही. मंत्र्यासारखी नाही, नवरीसारखी नाही. हात जोडले एवढं आठवतं, आणि पदर खुर्चीत अडकला होता तेही. मागे कुणीतरी विचारलं, "या कोण?" दुसरं कुणीतरी म्हणालं, "आई आहे तिची."

ढोलकी पुन्हा सुरू झाली. लोकांनी धृपद धरलं, सगळा हॉल म्हणू लागला, आणि शर्मिलानं गाता गाता मला हातानं खूण केली की वहिनी, बसा आता. कवीनं एवढंच उभं राहायचं असतं, मला ठाऊक होतं. पण मी उभी होते तोवर ती तिथं होती. मी बसले असते तर ती पुन्हा गेली असती. सुखदेव खालून माझ्याकडे बघत होता. गाणं संपलं, दिवे लागले, लोक खुर्च्या सरकवून निघाले, तरी मी तशीच उभी होते.